गाठ किती दमली आहे

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी स्वस्थ बसेन असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. पनवेलच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवली. दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय अशी सहज सुटत नाही. म्हणून एका कर्करोग रुग्णालयाला माहितीपत्रकं मराठीत करून देणारं माणूस हवंय असं कानावर आलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. रुग्णालयात कुठलंही नवं संशोधन सुरू झालं की त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाला आधी एक पत्रक देतात. तपासणी कशाची, सुई कुठे टोचणार, त्रास काय होऊ शकतो, आणि नको असेल तर नाही म्हणायचा हक्क कसा आहे, हे सगळं त्यात असतं. इंग्रजी पत्रक माझ्याकडे यायचं आणि मी ते मराठीत करून द्यायचे.

या कामाची एक रीत आहे. पत्रक मराठीत झालं की ते एखाद्या साध्या माणसाला वाचून दाखवायचं आणि मग विचारायचं, आता तुम्ही सांगा, काय समजलं? माझा साधा माणूस घरातच होता. माझे यजमान उरणच्या वाटेवरच्या एका खेड्यातले, मिठागरवाल्या घरातले. लहानपणी बापाबरोबर मिठागरात राबले, पुढे आयटीआय करून उरणला गॅसच्या प्लांटमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी पुण्याची. आमचं लग्न दोन्ही घरांना फारसं न विचारता झालेलं. मी त्यांना अहो म्हणायचे, ते मला मास्तरीण म्हणायचे, आणि भांडण मात्र अगदी बरोबरीचं व्हायचं.

संध्याकाळचा चहा झाला की मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. शेवटी डोळे न उघडताच म्हणायचे, “नाय समजलं.”

“काय नाही समजलं?”

“काईच नाय. मराठीत वाच ना जरा.”

माझं डोकं फिरायचं. ‘अंतःशिरा’ या शब्दावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. तो शब्द शुद्ध आहे, कोशात आहे, असं मी म्हणत होते. “कोश टोचनार हायेत का? शिरेतून म्हन,” ते म्हणाले. मी शिरेतून लिहिलं. माझं शुद्धलेखन आणि त्यांचं ‘नाय समजलं’ यांच्या ओढाताणीतून जे काही उरायचं, ते रुग्णालयाला आवडायचं. माझ्या भाषेचं तिथे कौतुक व्हायचं आणि मी ते खुशाल एकटी घ्यायचे.

मग त्यांच्या डाव्या मांडीत गाठ निघाली. ज्या रुग्णालयाची पत्रकं मी करत होते, तिथेच आता आमचा केसपेपर निघाला. आधी औषधाचे डोस, त्याने गाठ आटोक्यात आली तर ऑपरेशन, असं ठरलं. गाठ औषधाला दाद देते का, यावर सगळं अवलंबून होतं. दाद दिली तर पाय वाचेल आणि माणूसही. नाही दिली तर काय, ते डॉक्टर बोलायचे नाहीत आणि आम्ही विचारायचो नाही.

आणि नेमकं त्याच सुमारास ते पत्रक आलं. शरीरातल्या गाठीची आम्लता एमआरआयने मोजायची, असा अभ्यास सुरू होणार होता, आणि ज्यांना अशा गाठी आहेत त्यांत हेही बसत होते. अभ्यासाचं काम बघणारी तरुण डॉक्टर मुलगी सरळ होती. ती म्हणाली, “मॅडम, पत्रक तुम्हीच करा, तुमच्याइतकं सोपं कुणी करत नाही. पण काकांना विचारायला दुसरं कुणीतरी येईल, आणि तेव्हा तुम्ही खोलीत नसाल.” मला ते पटलं.

स्वतःला समजल्याशिवाय मला एक ओळ लिहिता येत नाही. म्हणून आम्ही दोघांनी तिला कॅन्टीनमध्ये गाठलं. समोरची इडली थंड होईपर्यंत ती सांगत होती. गाठ अधाशी असते. ती घाईघाईने साखर खाते, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते ती आपल्या आजूबाजूला टाकते. त्यामुळे तिथला भाग निरोगी मांसापेक्षा थोडा आंबट असतो. औषध लागू पडलं की हा अधाशीपणा उतरतो आणि आंबटपणाही उतरायला लागतो. गाठीचा आकार कमी व्हायला वेळ लागतो. आंबटपणा त्याच्या आधी कमी होईल. तो मोजता आला तर औषध चालतंय की नाही हे लवकर कळेल. “म्हणजे कळेल असं आम्हाला वाटतंय,” ती म्हणाली. “खरंच कळतं का, हेच तर बघायचंय.”

“प्लांटमदे आमी पान्याचा पीएच घ्यायचो,” हे म्हणाले. “कांडी बुडवायची, आकडा बघायचा. मांडीत कांडी कशी बुडवनार?”

“तेच तर, काका. कांडी न बुडवता बघायचं.”

त्यासाठी शिरेतून एक औषध सोडायचं होतं, सीटी स्कॅनला वर्षानुवर्षं देतात तेच. तिने पेपर नॅपकिनवर त्याचा रेणू काढला. त्याला जणू दोन दारं असतात, आणि त्या दारांतून हायड्रोजनची बाहेरच्या पाण्याशी सतत ये-जा चाललेली असते. भोवती आंबटपणा वाढला की दोन्ही दारांवरची ये-जा मंदावते, पण दोन्हीकडे सारखी नाही. एमआरआयचं मशीन दोन्ही दारांवर कान ठेवतं, आणि त्या दोघांमधल्या फरकावरून आंबटपणा काढता येतो. औषध तिथे कमी पोचलं की जास्त, याने फारसं बिघडत नाही.

“म्हंजे दोगांचं भांडन ऐकून घरातली हवा वळखायची,” हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. ती मुलगी इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मी हसले नाही, पण मला बरं वाटलं. आजार कळल्यापासून त्यांनी माझी खोडी काढली नव्हती.

घरी येऊन मी पहिल्या फटक्यात लिहिलं, ‘ऊतींमधील आम्लतेचे मापन.’ शाळेत असते तर मीच मला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

“ऊती म्हंजे?”

“टिश्यू.”

“हाटेलात हात पुसायला देतात ते?”

“बरं, ॲसिडिटी लिहिते.”

“मग लोक पित्ताची गोळी मागतील. मी बी मागेन.”

त्यांचं खरं होतं. ॲसिडिटी म्हटलं की आपल्याकडे छातीत जळजळ आणि वर कोकमाचं सरबत, यापलीकडे कुणी जात नाही. मी कागद टेबलावर आपटला आणि म्हटलं, मग तुम्हीच सांगा काय लिहू ते. त्यांनी पाय उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला आणि मांडीवरून हात फिरवला.

“राहू दे आता. पाय आंबलाय माजा.”

पाय आंबला, अंग आंबून गेलं, हे काही त्यांच्या गावचंच बोलणं नव्हे. पुण्यात माझी आई धुणं आटपून उठली की हेच म्हणायची. मी शाळेत तो वाक्प्रचार शिकवलाय; अंग आंबणे म्हणजे खूप थकणे, वाक्यात उपयोग करा. पण पीठ आंबतं तो शब्द आणि पाय आंबतो तो शब्द एकच आहे, राबून दमलेलं मांस आतून आंबट होतं हे आपल्या भाषेत कधीचं येऊन बसलंय, हे माझ्या डोक्यात त्या संध्याकाळपर्यंत आलं नव्हतं. मी तिथल्या तिथे लिहिलं, ‘गाठीची जागा आतून आंबते. तुमची गाठ किती आंबली आहे, हे या तपासणीत मोजलं जाईल.’ वाचून दाखवलं. त्यांनी डोळे उघडले आणि समजलं म्हणाले. एरवी हा शब्द त्यांच्या तोंडून काढायला मला आठवडा लागायचा.

पण पत्रक एवढ्याने मंजूर होत नाही. ते दुसऱ्या एका अनुवादकाकडे जातं. त्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं. तो मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो, आणि रुग्णालयाची समिती दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघते. त्या भल्या माणसाने माझ्या वाक्याचं इंग्रजी केलं, तुमची गाठ किती दमली आहे हे मोजलं जाईल. समितीने प्रश्नचिन्ह टाकून पत्रक परत धाडलं. डॉक्टर मुलगी फोनवर हसत होती, आणि मी त्या अनुवादकाचा उद्धार करत होते. चूक खरं तर त्याची नव्हतीच. मराठी माणूसच अशी चूक करू शकतो. मी ‘आंबली आहे, म्हणजे किती आंबट झाली आहे’ अशी पुस्ती जोडली आणि प्रकरण मिटलं.

यांना मात्र ते फार आवडलं. “दमली असली तर चांगलंच हाय की,” ते म्हणाले. “दमू दे तिला. आपन दमायच्या आदी ती दमली पायजे.”

तेव्हापासून आमच्या घरात तीच भाषा सुरू झाली. सकाळी त्यांना चहा देताना मी विचारायचे, काय, दमली का? ते मांडी चाचपायचे आणि म्हणायचे, अजून दम हाय तिच्यात. डोस घेऊन आल्यावर ते उलट्या करून निपचित पडलेले असायचे आणि मी मनात तिलाच म्हणत असायचे, दम गं बाई, दम आता. देवाजवळ मी काही मागितलं नाही, माझा तसा स्वभाव नाही. पण त्या गाठीची मी रोज विनवणी केली.

त्या पत्रकात आणखी एक वाक्य होतं. ते प्रत्येक पत्रकात असतं आणि माझ्या हाताला इतकं पाठ झालं होतं की मी न बघता लिहायचे. ‘या तपासणीमुळे तुम्हाला स्वतःला कोणताही फायदा होणार नाही. यातून मिळणाऱ्या माहितीचा पुढे इतर रुग्णांना उपयोग होऊ शकेल.’ या वेळी हात अडला. आकडा काहीही आला तरी डॉक्टर त्यावरून औषध बदलणार नव्हते, कारण त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मला हे कॅन्टीनमध्येच समजलं होतं. तरी मी लिहिलं, ‘तुम्हाला स्वतःला फायदा होऊ शकेल किंवा होणारही नाही.’ आणि वाचताना आवाज जरा खाली घेतला.

त्यांनी लगेच पकडलं. “शकेल म्हंजे? होईल का नाय?”

“नाही होणार.”

“मग नाय लिव. शकेल कशाला? लोकांना उगीच आशेला लावायचं नाय.”

“लोक कोण? तुम्हीच आहात.”

“मी एकटाच हाय का त्या रांगेत?”

मी ‘शकेल’ खोडलं आणि ‘नाही’ लिहिलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी भांड्यांचा बराच आवाज केला. त्यांना ऐकू जात होतं, आणि मला ते ऐकू जायलाच हवं होतं.

मशीनमध्ये ते दोनदा झोपले, एकदा औषध सुरू व्हायच्या आधी आणि एकदा काही डोस झाल्यावर. दुसऱ्या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसून त्या डॉक्टर मुलीची वाट बघत होते. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे नुसतं बघितलं. उत्तरपत्रिका तपासून येणाऱ्या बाईंकडे मुलं बघतात तसं. आकडा रुग्णाला सांगायचा नाही, हा नियम पत्रकात मीच मराठीत लिहिला होता. ती म्हणाली, “मॅडम, मला सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचा अर्थ मलाही माहीत नाही.” मला तिचा इतका राग आला की मी धन्यवादसुद्धा म्हटलं नाही.

हे कपडे बदलून आले. “काय विचारत होतीस तिला?”

“काही नाही.”

“मग चल, उलव्याकडनं जाऊ. खाडी बघू जरा.”

रिक्षावाल्याला लांबचा वळसा घ्यायला लावला. विमानतळासाठी डोंगर कापून केलेल्या सपाटीच्या कडेने, उभ्या राहिलेल्या आणि उभ्या राहत असलेल्या इमारतींमधून आम्ही खाडीच्या बाजूला आलो. ज्या पट्ट्यात त्यांच्या बापाची मिठागरं होती, तिथे आता भराव आणि तारांचं कुंपण. ते रिक्षातच बसून राहिले, कारण उतरलं की पुन्हा चढताना पाय दुखायचा. आई दिवसभर मिठाच्या पाण्यात उभी राहायची, रात्री तिचे पाय मी चेपायचो, असं ते म्हणाले. मग म्हणाले, “माजं झालं की तू हितं एकटी येऊ नको. तुला वाट घावनार नाय, आनि विचारनार बी नाय कुनाला.” डोक्यावरून विमान गेलं. मी त्यांचा हात धरला. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, आमच्या वयाला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

गाठ पुढे फुप्फुसात पोचली. ऑपरेशनची वेळ आलीच नाही. दिवाळीच्या आधी ते गेले.

लोक भेटायला आले, त्यांनी सांगितलं की कामात मन गुंतवा. मी गुंतवलं. पत्रकं येत होती, मी मराठीत करत होते, आणि सगळं मला समजत होतं, हीच तर अडचण होती. वाचून दाखवायला माणूस हवा म्हणून खालच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांना गाठलं. त्यांना पहिल्या ओळीपासून सगळं समजलं, शेवटी त्यांनी मलाच दोन इंग्रजी शब्द सुचवले. मग विचुंब्याहून येणाऱ्या आमच्या पोळ्यावाल्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पदर सावरून, फार छान लिवलंय मॅडम, असं सांगितलं आणि पोळ्या लाटायला वळल्या. मी शाळेतली बाई. माझ्या तोंडावर कोण म्हणणार की समजलं नाही? जगात तसं म्हणणारा एकच माणूस होता. संध्याकाळी चहा झाला की अजूनही माझे कान तयार होतात. मला त्यांचा आवाज नको, प्रेमाचे शब्दही नकोत, तसे ते कधी बोलले नाहीत. मला फक्त त्यांनी एकदा माझं वाक्य नापास करायला हवंय. हे असं तळमळणं साठीनंतर शोभतं का, मला माहीत नाही. पण तळमळते खरी.

या वर्षी त्या डॉक्टर मुलीचा फोन आला. अभ्यास पुरा झाला होता. ती म्हणाली, आता विचारलंत तर सांगू शकते, पण तुम्हाला हवं असेल तरच. मी सांग म्हटलं.

“काकांचा आकडा दुसऱ्या वेळी होता तिथेच होता, मॅडम. आंबटपणा उतरला नव्हता.”

म्हणजे तिचा अधाशीपणा तसाच होता, ती दमली नव्हती. बाहेर बाकावर बसून मी त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होते, तेव्हा आत मशीनमध्ये ते लिहिलं गेलं होतं, आणि वाचता कुणालाच येत नव्हतं. मी तिला विचारलं, आज असते तर? “आज आम्ही लवकर दुसऱ्या औषधाचा विचार केला असता,” ती म्हणाली. “वाचलेच असते असं नाही म्हणत मी.” ती खोटं बोलत नाही, म्हणून तिच्यावरचा माझा राग केव्हाच गेला होता. त्या दिवशी ती थोडं खोटं बोलली असती तरी चाललं असतं.

मग तिने पुढच्या अभ्यासाचं पत्रक पाठवलं. तपासणी तीच, औषध तेच, दोन दारं तीच. पण या वेळी आकडा डॉक्टरांना बघता येणार आहे आणि तो बघून उपचार बदलता येणार आहेत. मी ओळीमागून ओळ मराठीत करत गेले आणि त्या पाठ असलेल्या वाक्याशी आले. हात आपोआप लिहायला लागला, तर मूळ इंग्रजी वेगळं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मराठीत लिहिलं, ‘या तपासणीमुळे तुम्हाला स्वतःला फायदा होऊ शकेल.’

मला आनंद झाला, तो खोटा नव्हता. आणि पनवेलच्या नाहीतर उरणच्या कुठल्यातरी घरात हे वाक्य जिला वाचून दाखवतील, त्या बाईचा मला भयंकर हेवा वाटला. मी तो कागद घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. हे असते तर त्यांनी डोळे न उघडता विचारलं असतं, शकेल म्हंजे काय, होईल का नाय, आणि मला तो शब्द खोडायला लावला असता. या वेळी मी खोडला नसता.